डोंगरावरचे हलके बटाटे

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," काटेवाले म्हणाले, आणि हातातली तराजूची दांडी बाजूला ठेवून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. चष्मा कपाळावर गेला की घरातल्यांनी ओळखायचं, आता म्हातारा जमिनीवर राहत नाही.

विश्वास बसणार नाही हे त्यांनी मुद्दाम सांगायची गरज नव्हती. काटेवाल्यांच्या बोलण्यावर विसंबायचं नसतं हे गल्लीतल्या मांजरालाही ठाऊक होतं. जन्मभर त्यांनी दुकानदारांचे तराजू दुरुस्त केले. हात असा खरा की त्यांनी लावून दिलेल्या काट्यापुढे भांडकुदळ गिऱ्हाईकसुद्धा मान खाली घालून पैसे टाकी. जीभ मात्र अशी की तिला पासंग लावायचा म्हटलं तरी पारडं कधी जागेवर यायचं नाही. त्यांची सून म्हणे, देवाने खरेपणा सगळा बोटांतच ओतला, वर जिभेपर्यंत पोचेपर्यंत भांडं रिकामं झालं.

पण आज सुनेने विचारलेला प्रश्न साधा होता आणि तिला उत्तर खरं हवं होतं. "बाबा, तुम्ही ह्याआधी कधी उंच डोंगरावर गेला होतात का? टेकडीवर नाही. खरंच उंच. जिथे दम लागतो तिथे."

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता. त्याचं एक टोक उडू नये म्हणून काटेवाल्यांचंच एक पितळी वजन त्यावर ठेवलेलं. शेजारी लॅपटॉप उघडा, त्यावर विमानाची तिकिटं. वसंतात जायचं ठरलं होतं. तेव्हा घाटातला बर्फ कापून रस्ता मोकळा करतात, खालच्या अंगाला झाडं फुललेली असतात आणि वर एक तळं असतं, अर्धं गोठलेलं, अर्धं निळं. त्या तळ्याचा फोटो सूनबाईने फ्रिजच्या दारावर लावून ठेवला होता. दूध काढताना बघायची, दूध ठेवताना बघायची.

आता सूनबाई होती नर्स, तीही श्वासाच्या विकारांच्या वॉर्डात. त्यामुळे घरात बाकी कुणाला डोंगर म्हटलं की बर्फ दिसे, हिला ऑक्सिजनची नळी दिसे. वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, सासऱ्यांचं हृदय ठणठणीत आहे, पण एकदम विमानाने इतक्या वर उतरवायचं तर एक गोष्ट बघा. आधी कधी गेले असतील आणि मानवलं असेल, तर बहुतेक आताही मानवेल. गेलेच नसतील, तर रस्त्याने न्या, वाटेत मुक्काम करत करत. शरीराला एकेक पायरी चढू द्या.

"रस्त्याने म्हणजे माझी अर्धी रजा बसमध्ये जाणार," चिरंजीव म्हणाले. चिरंजीव म्हणजे काटेवाल्यांचा मुलगा. कचेरीत साहेबाला घाबरायचा आणि घरी बायकोला, मधल्या वेळेत वडिलांवर डाफरायचा. "बाबा आधी गेले असतील तर विमान. नसतील तर त्यांना आत्याकडे ठेवू. काय वाईट आहे? मागच्या वेळी राहिले होते की."

राहिले होते खरे. मागच्या वर्षी बाकीचे तिघं समुद्रावर गेले तेव्हा काटेवाले आपल्या बहिणीकडे राहिले. बहिणीला ऐकू कमी यायचं. थापा मारणाऱ्याला ह्याहून मोठी शिक्षा कुणी शोधून दाखवावी. घरी परतले तेव्हा ते तीन दिवस खरं बोलत होते, सगळे घाबरले.

"गेला होतात का म्हणजे काय?" काटेवाले म्हणाले. "अगं, तुझ्या नवऱ्याला दात यायच्या आधीची गोष्ट. मी त्या तळ्याच्याही वर गेलोय. इतका वर की कावळे पायी येत होते."

"कावळे?" नात लगेच पुढे सरकली. सतत प्रश्नांचा भुंगा लावते म्हणून तिला भुंगी म्हणत. "पायी का येतील?"

"हवा कुठे आहे पंख मारायला? एक कावळा माझ्याबरोबर अख्खा चढ चढला. वाटेत दगडावर बसून दम खाई. मी म्हटलं, बाबा रे, उडत का नाहीस? नुसता बघत राहिला. बोलायलाही हवा लागते ना. उतरताना मात्र उडाला. उताराला काय, कुणीही उडतं."

चिरंजीवांनी कपाळावर हात मारला. सूनबाई हसली नाही. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती, जशी वॉर्डात पेशंट "मी सिगारेट सोडली" म्हणाला की बघते तशी.

"आणि वसंतात गेला होतात?" तिने विचारलं.

"वसंतातच. सांगतो की. वाटेत एक झाड होतं, लाल फुलांचं. त्याच्या डाव्या अंगाला ऊन, उजव्या अंगाला डोंगराची सावली. डाव्या फांद्यांना फुलं, उजव्या फांद्यांना बर्फ. मधमाश्या बिचाऱ्या मध गोळा करता करता चुकून उजवीकडे जायच्या आणि गारठून टपाटप खाली पडायच्या. मी उचलून पुन्हा डावीकडे ठेवायचो. दिवसभर दुसरं काम नाही."

"चावल्या नाहीत?" भुंगी.

"उपकार करणाऱ्याला चावायला त्या काय नातेवाईक आहेत?" असं म्हणून त्यांनी चिरंजीवांकडे बघितलं.

"बाबा, विषय काय चाललाय," चिरंजीव म्हणाले. "हिला एक हो किंवा नाही हवंय."

"हो म्हणतोय की मघापासून. नुसतं हो म्हटलं तर तुम्ही म्हणणार थाप आहे. म्हणून तपशील देतोय."

सूनबाईला आता खरोखर प्रश्न पडला होता. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून तिने सासऱ्यांच्या अनेक बाता ऐकल्या होत्या आणि त्यांचा एक नियम तिच्या लक्षात आला होता. बात कितीही उंच उडो, तिचं एक पाऊल कुठेतरी जमिनीला टेकलेलं असे. विहिरीतला बोलका मासा खोटा, पण विहीर खरी निघे. मग इथे जमीन कुठली? कावळा खोटा, मधमाश्या खोट्या. पण डोंगर?

तिने नर्सचा सूर लावला. "वर पोचल्यावर डोकं दुखलं होतं?"

"दुखलं म्हणजे? इथे." काटेवाल्यांनी मानेच्या वर, मागच्या बाजूला हात नेला. "आतून कुणीतरी पत्रा ठोकत असल्यासारखं."

"आणि झोप?"

"झोप लागायची, पण मध्येच श्वास आपोआप थांबायचा. दचकून जाग यायची, पुन्हा भराभर श्वास. रात्रभर हाच खेळ."

सूनबाईने मान हलवली. हे असंच होतं. अगदी असंच. जो कधी वर गेला नाही त्याला हे कसं सुचावं? तिचा हात लॅपटॉपकडे गेला. चौथ्या तिकिटाच्या चौकटीत बोट थबकलं. मग तिला आठवलं की मागच्याच आठवड्यात ह्याच टेबलाशी बसून ती वॉर्डातल्या मैत्रिणीला फोनवर हेच, ह्याच शब्दांत सांगत होती, आणि पुढच्या खोलीत सासऱ्यांच्या कानशीचा आवाज मध्येच बंद पडला होता.

म्हणजे ऐकलेलंही असेल. किंवा भोगलेलंही असेल. चहात पडलेली साखर आधीची की नंतरची, चव घेऊन कसं कळणार.

तिने नवऱ्याला विचारलं, "रस्त्याने गेलो तर काय काय सुटेल?"

"तळ्यापलीकडची दरी सुटेल. तळं होईल फक्त."

"तळं होईल ना पण."

"अगं, पण कशासाठी? एका माणसासाठी तिघांनी बसमध्ये हाडं मोडून घ्यायची?"

तिला समुद्रावरची संध्याकाळ आठवली. तिघं तीन खुर्च्यांवर, तीन फोन. परत आल्यावर शेजारणीने विचारलं, कसा होता समुद्र? तर हिला एवढंच सांगता आलं, छान होता. पाणी होतं.

काटेवाल्यांचं मात्र तिच्या बोटाकडे लक्ष होतं. बोट चौकटीवर होतं, खाली जात नव्हतं. आपलं पारडं जड होत आलंय, एवढासा पासंग टाकला की टेकलंच, असं त्यांना वाटलं असावं. हुशार माणूस इथे गप्प बसला असता. पण गप्प बसणं हा काही त्यांचा धंदा नव्हता.

"आणि मी काही हवा खायला गेलो नव्हतो," ते म्हणाले. "कामासाठी बोलावलं होतं मला. मुद्दाम माणूस पाठवून."

"कसलं काम?" भुंगी आता खुर्चीवर गुडघे टेकून बसली होती.

"वर एक बाजार भरायचा. तिथला व्यापारी रडकुंडीला आलेला. खालच्या गावात किलोभर तोललेले बटाटे वर नेले की पाऊण किलो भरायचे. खेचरवाल्यावर चोरीचा आळ. खेचरवाला शपथा घेतोय. मारामारी व्हायची वेळ. कुणीतरी म्हणालं, काटाच खराब आहे, काटेवाल्याला बोलवा."

"मग?"

"मग मी गेलो. बटाटे बघितले, मोजले. एकही कमी नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे, डोंगर! जितकं वर जावं तितकी जमिनीची ओढ कमी. बटाटा तोच, पण हलका. खेचरवाला निर्दोष. त्याने माझे पाय धरले."

"हे मात्र खरं असतं, बाबा," चिरंजीव नाइलाजाने म्हणाले. "म्हणजे पाव किलोचा फरक नाही, अगदी नखाएवढा. पण उंचावर वजन कमी होतं, शाळेत शिकवलंय."

"बघ," काटेवाले सुनेला म्हणाले. "घरचा साक्षीदार."

मुलाने बापाची बाजू घ्यावी असा दिवस ह्या घरात वर्षातून एखादाच उगवे. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. सूनबाईच्या बोटाखालची चौकट अजून तशीच होती.

"कुठल्या काट्यावर तोललंत तुम्ही?" तिने विचारलं. "तो स्प्रिंगचा असतो, हुकाला अडकवायचा, त्याच्यावर?"

काटेवाल्यांनी असं तोंड केलं की जणू तिने त्यांच्या चारित्र्यावरच शंका घेतली. स्प्रिंगच्या काट्याला त्यांनी उभ्या हयातीत बोट लावलं नव्हतं. गिऱ्हाईक घेऊन आलं तर म्हणत, घड्याळवाल्याकडे जा, हे आमचं काम नव्हे. स्प्रिंग आज ताठ, उद्या ढिली; तिच्यावर भरवसा ठेवायचा म्हणजे वाऱ्यावर वरात. खोटं बोलतानासुद्धा तसला काटा आपल्या हातात धरणं त्यांना जमेना.

"स्प्रिंग? मी?" ते म्हणाले. "माझा तराजू नेला होता, पितळी, दोन पारड्यांचा. आजही दुकानात आहे, जाऊन बघ. आणि वजनंही माझीच, इथूनच नेलेली, हे नकाशावर ठेवलंय ना, हेच. एका पारड्यात हे किलोचं वजन ठेवलं, दुसऱ्यात बटाटे. सगळ्या बाजारासमक्ष बटाट्यांचं पारडं हळूहळू असं वर गेलं..." त्यांचे दोन्ही तळहात हवेत होते, डावा खाली, उजवा वर, आणि बोटांचा तोल इतका सुरेख की भुंगीला पारडी दिसायला लागली.

सूनबाईने ते दोन हात नीट बघून घेतले. मग चौथ्या तिकिटाची चौकट बंद केली, पाठोपाठ पहिली तीनही. नकाशावरचं पितळी वजन उचललं आणि सासऱ्यांच्या डाव्या, खाली गेलेल्या तळहातावर ठेवलं.

"बाबा, बटाटे डोंगरावर हलके झाले, तर हेही तिथेच होतं की. हेही तेवढंच हलकं झालं असणार. दोन्ही पारडी बरोबरीत राहिली असती, आणि हे ह्या घरात तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. ज्या कामासाठी गेलो म्हणता ते कामच खोटं. तुम्ही त्या डोंगरावर कधी पाऊलही ठेवलेलं नाही, म्हणून आपण चौघं रस्त्याने जातोय."