शिल्लक गुण : १

पातळी ४१. शिल्लक गुण : १.

मित्रांनो, मोजायला गेलात तर मी फक्त एक आहे. जुना एक. वरच्या ओळीच्या शेवटी जो आकडा दिसतो, तो मीच. सहा वर्षे मी तिथे उभा होतो.

कागदावर मला कौशल्यगुण म्हणतात. खेळणारे नुसते पॉइंट म्हणतात. संगणकावर अनेकांनी मिळून खेळायच्या एका खेळात माझा जन्म झाला. त्या खेळात एक पातळी चढली की एक गुण मिळे. तो गुण कौशल्यांच्या झाडावर कुठेतरी लावायचा. जिथे लावाल ते कौशल्य एक पायरी वाढे. लावण्याआधी पडद्यावर एक चौकट येई :

निश्चित? दिलेला गुण परत मिळणार नाही. हो / नाही.

ही चौकट लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यात जे काही झाले आणि जे झाले नाही, ते या चौकटीमुळे.

पातळी १. शिल्लक गुण : ०.

माझ्या मालकिणीचे नाव बोक मी-रान. दक्षिण कोरियातल्या मोक्पो बंदराच्या मासळीबाजारात तिसऱ्या गल्लीत तिचे खारवलेल्या जवळ्याचे दुकान आहे. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसते. तेवढ्या वेळात ती वरच्या मजल्यावरच्या सायबर कॅफेत येऊन बसे. कॅफे प्यो सांग-चोल यांचा. ते पूर्वी बोटींची इंजिने दुरुस्त करत आणि मी-रानच्या नवऱ्याबरोबर मासेमारीला जात, म्हणून तिला वहिनी म्हणत. तिसरी खेळाडू युन-जू, समोरच्या दातांच्या दवाखान्यातली नर्स. तिघांची मिळून एक टोळी होती. सांग-चोल योद्धा, युन-जू तिरंदाज आणि मी-रान वैद्य. खेळातले तिचे नाव होते 'खारी आत्या'.

तिघे शेजारीशेजारी बसत. कानाला लावलेल्या माइकमधून त्यांचे बोलणे आत आमच्यापर्यंत येई. बाहेरचे जग मी असेच ऐकून ओळखतो.

पातळी १४. शिल्लक गुण : ०. (तीन गेले.)

आता घराण्यातली जुनी गोष्ट सांगतो. मी चाळिसावा. माझ्याआधी एकोणचाळीस भावंडे आली आणि सगळी कामाला लागली. त्यांतल्या तिघांबद्दल मात्र घरात कोणी फारसे बोलत नसे.

कॅफेच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. वैद्याने कोणत्या पातळीला गुण कुठे लावावा, याची यादी. देशभरातले वैद्य तीच यादी वापरत. स्वतःच्या डोक्याने गुण लावणारा म्हणजे अडाणी, अशी तिथली रीत. यादीत लिहिले होते : बारा, तेरा, चौदा या पातळ्यांना तिसऱ्या ओळीतले दुसरे घर. ते घर 'विष उतरवणे' या कौशल्याचे होते.

पण कागद जुना होता. मधल्या काळात खेळ सुधारला गेला, झाडावर एक नवे कौशल्य आले आणि खालची सगळी घरे एका ओळीने सरकली. मी-रानने नाव वाचले नाही. घर मोजले. तीनदा 'हो' दाबले.

तिसऱ्या ओळीतले दुसरे घर आता 'कंदील' होते. वैद्याभोवती प्रकाशाचे एक वर्तुळ पडते, बस्स.

दुसऱ्या दिवशी ती अनोळखी लोकांबरोबर एका मोहिमेवर गेली. विष चढले, तिला उतरवता आले नाही. त्यांच्या म्होरक्याने लिहिले, "आम्ही वैद्य मागवला होता. ही तर दिवाबत्ती करणारी बाई आहे." आणि तिला बाहेर काढले.

"मावशी, मनाला लावून घेऊ नका," युन-जू म्हणाली.

"लावून कशाला घेऊ? तीस वर्षं मीठ मोजून टाकतेय, कधी मूठ चुकली नाही. इथे तीन मुठी चुकल्या. चष्मा गळ्यात लटकत होता, डोळ्यांवर नव्हता."

एवढेच बोलली. पण त्या दिवसापासून ती चौकट आली की तिचे बोट थबकू लागले.

पातळी ४१. शिल्लक गुण : १.

माझा जन्म भरतीओहोटीच्या चिखलात झाला. तेवीस दुपारी ती चिखलखेकडे मारत होती. तेविसाव्या दुपारी तिच्याभोवती सोनेरी कडे उजळले, घंटा वाजली आणि मी आलो.

"शेवटचा पॉइंट," सांग-चोल म्हणाले. "याच्यापुढे लेव्हल नाही. टाका विष उतरवण्यात. पाचवी पायरी होईल, एका वेळी सगळ्यांचं विष उतरेल."

त्यांच्या घाईला कारण होते. मिठाच्या गुहेत इमुगी होता. इमुगी म्हणजे हजार वर्षे वाट बघूनही अजून ड्रॅगन न झालेला साप. दर वेळी तो एकाच क्षणी सांग-चोल आणि युन-जू दोघांवर विष फुंके. मी-रानचे कौशल्य चौथ्या पायरीवर होते, त्यामुळे एका वेळी एकाचेच उतरे. दुसरा मरे. मग पहिलाही. त्या सापाला एकदा तरी पाडायचे, एवढीच या टोळीची इच्छा होती.

मी-रानने चौकट उघडली. बोट 'हो'वर ठेवले. मग 'नाही' दाबले.

"यादीत काय लिहिलंय? शेवटचा पॉइंट जलसंजीवनी या नव्या कौशल्यासाठी ठेवावा. पुढच्या अपडेटमध्ये येणार आहे."

"त्याच यादीनं तुम्हाला कंदील दिला ना, वहिनी?"

"म्हणूनच. आता घाई नाही."

मला अभिमान वाटला, हे कबूल करतो. वाटले, आपण खास. भावंडे रोज राबतात आणि आपल्याला मोठ्या कामासाठी राखून ठेवले आहे.

शिल्लक गुण : १.
शिल्लक गुण : १.
शिल्लक गुण : १. (अपडेट आले. नवे कपडे आले. जलसंजीवनी नाही.)
शिल्लक गुण : १.
शिल्लक गुण : १.
शिल्लक गुण : १.

सहा वर्षे या सहा ओळींत मावतात. मित्रांनो, मी काहीही लपवलेले नाही. सांगण्यासारखे काही घडलेच नाही. इमुगीकडे अकरा वेळा गेलो, अकरा वेळा मेलो. म्हणजे ते मेले. मी कडेला उभा राहून बघत होतो.

याच काळात मला एक गोष्ट दिसू लागली. मिठाची गुहा काळोखी होती. इतर टोळ्यांतला एकजण हातात मशाल धरून चाले, म्हणजे त्याचा एक हात अडकलेला. आमच्या टोळीत कोणी मशाल धरत नसे. युन-जूचे बाण नेमके लागत, कारण ती प्रकाशाच्या वर्तुळात उभी असे. सांग-चोल थट्टा करत, पण पाऊल त्या वर्तुळाबाहेर टाकत नसत. जे तीन वाया गेले असे सगळे समजत होते, ते रोज कामावर होते. आणि मी?

मी-रानच्या दुकानाबद्दल ऐकायचो तेव्हाही मला माझीच आठवण यायची. मागच्या फळीवर तिने आषाढात धरलेल्या जवळ्याची एक बरणी ठेवली होती. सगळ्या वर्षात तोच जवळा सर्वांत गोड.

"ती कधी उघडणार?" युन-जू विचारायची.

"चांगलं गिऱ्हाईक येऊ दे."

"मी वाईट आहे?"

"तू फुकटी आहेस, पोरी."

सूचना : हा खेळ या महिन्याच्या तीस तारखेला दुपारी बारा वाजता कायमचा बंद होईल. आजवरच्या प्रेमाबद्दल आभार.

ही सूचना महिनाभर पडद्यावर होती. तरीही मी शिल्लकच.

"शेवटच्या आठवड्यात अपडेट आलं तर?" मी-रान म्हणाली.

"वहिनी, दुकान बंद करणारा माणूस नवा माल भरतो का?"

तिला सगळे कळत होते. चौकट वाचली की बोट मागे येत होते, एवढेच.

तीस तारखेला तिने सकाळीच दुकानाचे शटर अर्धे ओढले आणि साडेदहाला खुर्चीत बसली. "आज चष्मा डोळ्यांवर आहे," ती म्हणाली. गुहेचा रस्ता कापायला तासभर गेला. साडेअकराला बाराव्यांदा इमुगी समोर आला. त्याचा उरलेला जीव दाखवणारी रेषा निम्म्यावर आली आणि नेहमीप्रमाणे त्याने फुंकर मारली. दोघांचे चेहरे हिरवे पडले.

"मला उतरवा, मी पुढे आहे," सांग-चोल म्हणाले.

"मावशी, मी पण जाणार आता," युन-जू म्हणाली. आवाज शांत होता. सवय झाली होती.

मी-रानने झाड उघडले. अकरा एकोणपन्नास. या वेळी तिने घरे मोजली नाहीत. नाव मोठ्याने वाचले.

"विष उतरवणे. पाचवी पायरी."

निश्चित? दिलेला गुण परत मिळणार नाही.

"नको परत," ती म्हणाली.

शिल्लक गुण : ०.

कसे वाटले, ते एका वाक्यात सांगतो. सहा वर्षे दाराशी ठेवलेली चप्पल पहिल्यांदा पायात गेल्यासारखे. दोघांचे विष एकदम उतरले. सांग-चोल म्हणाले, "हे असं होतं होय." पुन्हा फुंकर, पुन्हा उतरले. मी चार वेळा कामाला आलो. इमुगीची रेषा तिळातिळाने आखडत गेली. पाव. त्याहून कमी.

"घड्याळ बघू नका," सांग-चोल म्हणाले. "मारा."

बाराला एक मिनिट असताना युन-जूने सहज म्हटले, "मावशी, कंदील विझवू नका हं. दिसतंय सगळं."

मी-रानने मान वळवून तिच्याकडे पाहिले असावे, कारण एक श्वासभर तिचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

बारा वाजले. पडदा करडा झाला. साप, योद्धा, तिरंदाज, वैद्य, सगळे होते तिथेच थांबले.

"किती राहिला होता?" मी-रानने विचारले.

"नखाएवढा," सांग-चोल म्हणाले. "आणखी दोन मिनिटं."

"दोन मिनिटं," ती म्हणाली. "आणि मी सहा वर्षं दिली."

कोणी तिची समजूत घातली नाही. ते बरे झाले.

सांग-चोल यांनी तो थांबलेला पडदा छापून घेतला आणि जुनी यादी काढून त्या जागी भिंतीवर लावला. त्यात प्रकाशाचे एक वर्तुळ आहे, त्यात तीन माणसे आहेत, वर सापाची नखाएवढी रेषा आहे. खालच्या कोपऱ्यात 'शिल्लक गुण' असे लिहिले आहे आणि पुढे शून्य. आता मी तिथे राहतो.

तिथूनच मी दुसऱ्या दिवशीची दुपार पाहिली. मी-रान दोन वाजता आली, हातात ती बरणी होती. झाकण घट्ट बसले होते. सांग-चोल यांना पाना आणावा लागला. वरचा थर काळपट पडला होता. तिने तो चमच्याने काढून टाकला. खालचा चांगला होता.

"चांगलं गिऱ्हाईक आलं वाटतं," युन-जू म्हणाली.

"खा गप. भात गार होतोय."

मित्रांनो, माझी मागणी मोठी नाही. जे तुम्ही कष्टाने मिळवले आहे, ते नाव नीट वाचून, चष्मा लावून, पण वेळेत वापरा. चुकीच्या जागी लागलेली माझी तीन भावंडे उजेड देत राहिली. योग्य जागेची वाट बघणारा मी अकरा मिनिटे जगलो. कधी मोक्पोला त्या कॅफेत गेलात, तर कोपऱ्यातल्या शून्याकडे बघा आणि त्याला रिकामे समजू नका.