वहिनीच्या हद्दीतली पाणकणसं

सकाळी सकाळी धाकटा बांधावर उभा राहून भावजयीच्या नावानं ओरडत होता.

"वहिनी, ओढ्यात ती पाणकणसं माणसाएवढी माजलीत, काढा ती! पाणी तुंबून वर माझ्या बांधाला ओल धरली. चपला रुततात!"

वहिनी शेळ्या हाकत खालच्या अंगाला निघाली होती. "मग चपला काढून चाला की, भावजी. तेवढ्यासाठी मी ओढ्यात उतरू?"

"नाहीतर मीच उपटीन!"

"उपटा. फुकटचा गडी कोण नको म्हणेल?"

हे मात्र झोंबलं. कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्यानं संध्याकाळपर्यंत सगळी पाणकणसं मुळासकट उपटली. ओढा असा धावत सुटला की धाकट्यानं चिखलाच्या हातानंच मिशीला पीळ दिला. काठावरच्या ढिगातले कोवळे कोंब वहिनीच्या शेळ्यांनी चवीनं खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फुलावर आलेल्या वांग्यांना पाणी द्यायला गेला, तर पाट कोरडा. ओढा खळखळत होता, पण पाटाच्या तोंडाच्या वीतभर खालून! आजवर खालची पाणकणसं पाण्याला अडवून फुगवत होती, म्हणून ते आपसूक पाटात शिरत होतं. हे ना धाकट्याला ठाऊक, ना वहिनीला. तिनं ती राखली होती निव्वळ आळसानं.

"ओढा काय छान पळतोय हो," बायको म्हणाली आणि घागर त्याच्या हातात दिली. "आता धरा त्याला."

घागरी वाहून वाहून आधी कंबर गेली, मग वांग्यांनी माना टाकल्या. तेव्हा कुठे धाकटा वहिनीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"वहिनी, ती पाणकणसं परत लावली तर?"

"माझ्या हद्दीत? लावा की. माझी हरकत नाही, शेळ्यांची असेल. त्यांना चटक लागलीय."

आता धाकटा रोज ओढ्यात वाकून पाणकणसांचे गड्डे रोवतो, आणि उरलेला दिवस काठी घेऊन काठावर राखण करतो. परवा न्हावी पलीकडून जाताना थबकला.

"पाण्यात काय लावलंस रे?"

"वांगी," धाकटा म्हणाला, आणि काठी उगारून शेळीमागे धावला.