फाटकावरचा दुसरा फोन

क्लाइव्ह ऑस्लरने आयुष्यात एकही खरा सिग्नल दिलेला नाही. तो विमा कंपनीत कारकून होता आणि निवृत्त झाल्यापासून घरी बसून आमच्या पेनरिडच्या रेल्वे सिग्नल केबिनचा संगणकावरचा खेळ बनवतोय. पडद्यावर आमचेच रूळ, आमचेच सिग्नल, आमचंच वेळापत्रक. खेळणाऱ्याने गाड्या वेळेवर सोडायच्या आणि गुण मिळवायचे. देशभरातले पाच-सहाशे लोक सुट्टीच्या दिवशी हे हौसेने करतात. मी तेच पगार घेऊन करतो आणि वर कुरकुरतो.

केबिनमध्ये मला चोवीस वर्षं झाली, म्हणून खरं-खोटं तो मला विचारतो. जसं आहे तसंच दाखव, एवढंच मी त्याला सांगून ठेवलंय. उंटावरचा शहाणा आहे, पण चिवट. गेल्या हिवाळ्यात तो प्रोबर्टबाईंच्या फाटकापाशी येऊन अडला.

हे फाटक शेतातलं. तिथे माणूस नाही, रुळांच्या दोन्ही बाजूंना एकेक फोन आहे. बाई ट्रॅक्टर किंवा मेंढ्या घेऊन आल्या की मला फोन करतात. गाडी जवळ नसली की मी हो म्हणतो. त्या पार होतात, फाटकं लावतात आणि पलीकडून दुसरा फोन करतात, की झालं. तो दुसरा फोन आला नाही तर बाई अजून रुळांवरच आहेत असं धरायचं, आणि पुढची प्रत्येक गाडी थांबवून, ड्रायव्हरला सांगून, अगदी हळू पुढे काढायची. नियमच आहे तसा.

“दुसरा फोन किती वेळात येतो?” क्लाइव्हने विचारलं.

“सहा-सात मिनिटं. आला तर.”

“आला तर म्हणजे?”

चहा पिता पिता मी बोलून गेलो. बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, नवरा गेल्यापासून ऐंशी मेंढ्या एकट्याच बघतात, पाच-सहा वेळांत एकदा विसरतात.

“मग तू गाड्या थांबवतोस?”

“थांबवायच्या असतात.”

क्लाइव्ह माझ्याकडे बघत राहिला. विम्याचे खोटे दावे शोधण्यात या माणसाची हयात गेली, हे मी विसरलो होतो.

“बरं, विसरतात तेव्हा त्या रुळांवर असतात का कधी?”

“छे. घरी गेलेल्या असतात.”

“तुला काय माहीत?”

“चोवीस वर्षं ओळखतो मी त्यांना.”

“खेळाला ओळख कळत नाही रे, आकडा लागतो. पन्नासात एकदा असतात, असं धरतो मी.”

“धर काय धरायचं ते.”

खरी गोष्ट अशी की मी गाड्या थांबवत नव्हतो. पंधरा मिनिटं वाट बघायचो, फाटकावरचा फोन वाजवून बघायचो, कोणी उचलला नाही की बाई गेल्या असं समजून गाडी सोडायचो. थांबवली असती तर उशिराचं कारण लिहावं लागलं असतं, आणि अशी चार कारणं जमली की वरच्यांनी फाटकाला कुलूप घातलं असतं. बाईंचं निम्मं कुरण रुळांपलीकडे. रस्त्याने पाच मैलांचा वळसा. त्यांना मेंढ्या विकाव्या लागल्या असत्या. मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं आणि त्याला माणुसकी म्हणत होतो.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, दुपारी जेवून, मी क्लाइव्हचा खेळ लावला. पडद्यावर प्रोबर्टबाईंचा फोन आला. तिथे उत्तरं तीनच देता येतात: हो, थांबा, किती वेळ लागेल. मी हो म्हणालो. दुसरा फोन आला नाही. रोजच्या सवयीने मी पंधरा मिनिटं थांबलो, फोन वाजवला, आणि गाडी सोडली.

पडद्यावर एक ओळ आली. गाडी ट्रॅक्टरला धडकली. ना आवाज, ना चित्र.

मी इतका घाबरलो की उठून बाईंच्या घरी फोन लावला. त्या जेवत होत्या. काही नाही, सहज केला, म्हणालो.

सोमवारी मी सगळं लिहून दिलं, माझ्या करणीसकट. मला लेखी समज मिळाली. वरच्यांनी वर्षभराची फोनची रेकॉर्डिंग ऐकली. एकतीस वेळा दुसरा फोन नव्हता. एक मेपासून फाटकाला कुलूप, असं ठरलं. आणि दोन साहेब बाईंना हे सांगून आले त्या दिवसापासून बाईंनी एकदाही दुसरा फोन चुकवला नाही. एकदाही.

शेवटच्या दिवशी त्या सगळ्या मेंढ्या अलीकडे घेऊन आल्या. एकोणीस मिनिटांत दुसरा फोन आला.

“हेडन, झालं. मेंढ्या पार, दोन्ही फाटकं लावली. गुरुवारी बाजारात नेतेय त्यांना.”

“बरं, प्रोबर्टबाई.” मग मला राहवलं नाही. “ते लिहून मीच दिलं होतं.”

“माहितीये. खरं तेच लिहिलंस, त्याचा राग नाही.” मागे मेंढ्या ओरडत होत्या. “पण एकतीस वेळा विसरले मी. मला पत्ताच नव्हता रे. पुढच्या खेपेला फोन केला की तू गुडघा कसा आहे विचारायचास, पाऊस विचारायचास. हे का नाही बोललास कधी?”

“तुम्हाला ओशाळल्यासारखं होईल, वाटलं.”

“झालं असतं,” त्या म्हणाल्या. “मेंढ्या राहिल्या असत्या.”

त्यांनी फोन ठेवला. मी फाटकाची नोंद नेहमीसारखी केली आणि पुढची गाडी वेळेवर सोडली.

त्या आठवड्यात मी क्लाइव्हला म्हणालो, तुझ्या खेळात एक चौथं उत्तर घाल. फोन आला की म्हणता आलं पाहिजे, बाई, मागच्या वेळी तुमचा दुसरा फोन राहिला.

क्लाइव्हने विचार केला. “केबिनमध्ये असं म्हणतं का कोणी?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग नाही घालता येणार,” तो म्हणाला. “जसं आहे तसंच दाखवायचं, असं तूच सांगितलंयस.”