न घेतलेले बारा शॉट

मी एक जुना पटर आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला कधी पाहिलं नसेल. गोल्फमध्ये चेंडू दूर मारायच्या काठ्या वेगळ्या असतात. चेंडू होलजवळ आला की त्याला जमिनीवरून हळूच आत ढकलायचं, एवढंच माझं काम.

मी परदेशी बनावटीचा नाही. दुर्गजवळ, सुपेल्याच्या चौकापाशी ओमप्रकाश मिस्त्रींचं लेथचं दुकान होतं. तिथे पोलादाच्या तुकड्यातून माझं डोकं कापलं गेलं, एका जुन्या काठीवर बसवलं गेलं आणि मी प्रफुलच्या हाती आलो. प्रफुल फिटर होता, तिथल्याच रिसालीत राहायचा. मला तोलून पाहत तो म्हणाला, "वजन बराबर बसलं, मिस्त्री." त्या एका वाक्याच्या आनंदावर मी बरीच वर्षं काढली.

आमचं मैदान लहान, नऊ होलचं. तेच दोनदा खेळलं की अठरा होल होत. होलभोवती हिरवळ नव्हती, तेल शिंपडून दाबलेल्या वाळूचे तपकिरी गोल होते. खेळून झालं की फळी ओढून आपल्या पाऊलखुणा मिटवायच्या, अशी तिथली रीत. प्रफुलला हा खेळ शेजारच्या सुमंतभाऊंनी शिकवला. ते दुर्गच्या जुन्या मराठी घरातले, स्वभावाने शांत, खेळायला तरबेज. चेंडू होलपासून वीतभर राहिला की ते म्हणायचे, "उचल, प्रफुल." म्हणजे तो आत गेल्यातच जमा. माझं काम हुकायचं, पण प्रफुल हसत चेंडू उचलायचा, म्हणून मलाही वाईट वाटत नसे.

दर जानेवारीत दोघांचा एक सामना ठरला. ज्याचे शॉट कमी, तो होल त्याचा. पहिल्याच वर्षी सुमंतभाऊ म्हणाले, "हँडिकॅप म्हणजे खेळाडूची कुवत सांगणारा आकडा; जितका मोठा, तितका खेळाडू कच्चा. माझा हँडिकॅप आठ, तुझा वीस. फरक बाराचा. सगळ्यांत अवघड बारा होलांवर तुला एकेक शॉट मिळणार. तू पाच मारलेस की तिथे चार धरायचे."

माझ्यावरची प्रफुलची मूठ आवळली.

"म्हंजे सूट?"

"सूट कसली? नियम आहे, प्रफुल. दोघांना बरोबरीने खेळता यावं म्हणून."

"मले नको, सुमंतभाऊ. जल्मभर लोकायच्या तोंडून तेच आयकलं, कोट्यातली सूट भेटली म्हून पोरगा पुढं आला. खेळात तरी नको."

ते शॉट न धरताच सामना झाला. त्या वर्षी प्रफुल हरला. पुढच्या वर्षीही हरला, आणि त्याच्या पुढच्याही. एकदा सुमंतभाऊंनी त्याला टोचलं, "चेंडू उचल म्हटलं की उचलतोस. शॉट तेवढे चावतात तुला?"

"ते दोस्तीतलं हाय," प्रफुल म्हणाला.

त्याची मुलगी संघमित्रा शाळेत गणित शिकवते. एका संध्याकाळी प्रफुल मला तेलाच्या फडक्याने पुसत बसला असताना तिने विषय काढला. "बाबा, तुमी कावून चिडून राहिले? हिशोब तर आयका. शेवटच्या वीस फेऱ्या घेतात. मैदान किती कठीण, ते पाहून एकेक फेरी मोजतात. मग चांगल्या आठ ठेवतात, बाकीच्या बारा सोडून देतात. त्या आठायच्या सरासरीतून तुमचा आकडा निघते. तुमच्या चांगल्या दिवसायचा आकडा आहे तो. इसमें दया कहाँ है?"

प्रफुल मला फार वेळ पुसत राहिला.

पुढे सुमंतभाऊ आजारी पडले. अंग सुकलं, चेंडू दूर जाईना. तरी त्यांचा हँडिकॅप आठच राहिला, कारण आजारापूर्वीच्या चांगल्या फेऱ्या अजून शेवटच्या विसांत होत्या. "कागदावर मी अजून जवान आहे," ते हसून म्हणायचे.

दिवाळीनंतर ते दवाखान्यात होते. प्रफुल मैदानावरून तसाच भेटायला गेला, म्हणून मीही पलंगाला टेकून उभा होतो.

"दर वर्षी मीच जिंकलो," सुमंतभाऊ म्हणाले. "पण एकदाही तुझ्याशी खेळलो नाही रे. तुझे बारा शॉट तू वाटेतच टाकून यायचास. मग मी हरवलं कुणाला?"

प्रफुल पलंगाजवळ सरकला. "यंदा घेतो ना, भाऊ. सारेच्या सारे घेतो. तुमी फक्त या."

"मग हरतो मी."

"हरा ना!"

दोघेही हसले. मला त्या हसण्याची भीती वाटली.

जानेवारी आला, पण सुमंतभाऊ राहिले नव्हते.

ठरल्या दिवशी प्रफुल मला घेऊन एकटाच मैदानावर गेला. अवघड होल आला की तो थांबायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "सहा. एक कमी. पाच." असे त्याने बाराही शॉट घेतले. समोर घेऊ देणारा कुणी नव्हता.

अठराव्या होलला चेंडू वीतभर अलीकडे थांबला. मी पुढे झालो, पण प्रफुलने मला हलवलं नाही. तो वाट पाहत उभा राहिला. "उचल" हा शब्द कुठूनच आला नाही. शेवटी त्याने मला हळूच पुढे ढकललं. चेंडू आत पडला. मग त्याने फळी घेतली आणि वाळूवरच्या पाऊलखुणा मिटवल्या. सगळ्या एकाच माणसाच्या होत्या.

मित्रांनो, त्यानंतर प्रफुल खेळला नाही. मी आता दाराआड उभा असतो, डोक्यावर गंज चढला आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तूवर अधूनमधून तेलाचा हात फिरवा, आम्ही टिकतो. माणसं तशी टिकत नाहीत. तुमच्या वाट्याचं नीट मोजून ते द्यायला कुणी हात पुढे केला असेल, तर रुसू नका. तो हात समोर आहे तोवर घ्या.