रक्तगटाचे दोन कॉलम

म्हैसूरच्या त्या रक्तपेढीत सोळा वर्षं सर्वमंगलाचा शब्द चालला. डेटाबेसमधली एकशे बारा टेबलं तिला तोंडपाठ. कुठल्या टेबलात कोणते कॉलम, हे विचारायला डॉक्टर पोन्नप्पासुद्धा तिच्या खुर्चीशी येऊन उभे राहत.

मग इंचरा आली. तेवीस वर्षांची. तिनं काहीच पाठ केलं नाही. ‘डिस्क्राइब’ लिहून पुढे टेबलाचं नाव टाकलं, की सगळे कॉलम, त्यांचे प्रकार, लांबी पडद्यावर हजर. नुसतं कॉलमचं नाव ठाऊक असलं, तरी तो कोणकोणत्या टेबलांत आहे हे ती एका ओळीत काढी.

“अक्का, तुम्हाला कशाला त्रास? इंचरा बघेल,” पोन्नप्पा म्हणाले. चांगुलपणानं म्हणाले, म्हणून जास्तच झोंबलं. त्या दिवशी सर्वमंगलाचा डबा तसाच घरी परत गेला.

एका मंगळवारी सकाळी बाळंतिणीसाठी एबी निगेटिव्ह रक्त हवं होतं. पेढीत एकच पिशवी. इंचरानं दात्यांच्या टेबलाची रचना उघडली. रक्तगटाचे दोन कॉलम निघाले, बीजी आणि बीजी दोन. प्रकार तोच, लांबीही तीच.

“पहिलाच घेते,” ती पुटपुटली.

पहिल्यात दाता सांगेल तो गट, दुसऱ्यात तपासून निघालेला, हे सर्वमंगलाला माहीत होतं. ओठांवर आलेलं तिनं कॉफीबरोबर गिळलं. पडद्यावर सगळं दिसतं ना हिला? मग बघू दे!

त्या कॉलमवरून निघालेल्या यादीतल्या दात्यांना फोन गेले. हुणसूरचा चेलुवराजू तंबाखूची तोडणी टाकून बसनं आला. तपासलं, तर पॉझिटिव्ह.

“मग बोलावलंत कशाला, ताई?” तो म्हणाला. दारात बाळंतिणीची आई उभी होती. ती नुसती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

सर्वमंगलाला बसवेना. “बीजी दोन घे गं! पहिल्यावर विसंबू नकोस!”

नव्या यादीतली एक शिक्षिका अर्ध्या तासात येऊन पोचली. संध्याकाळी वॉर्डातून निरोप आला, बाळंतीण धोक्याबाहेर आहे.

“अक्का, तुम्हाला आधीच ठाऊक होतं?”

“होतं. जळत होते तुझ्यावर, म्हणून गप्प बसले.”

इंचरानं दात्यांच्या टेबलाची रचना पुन्हा उघडली. मग तिनं खुर्ची जवळ ओढली. “एकेका कॉलमचा अर्थ सांगा. टेबलाच्या रचनेतच टीप लिहून ठेवते.”

सर्वमंगला सांगत गेली. उद्यापासून हेही विचारायला कोणी येणार नव्हतं. तरी तिनं एकही कॉलम वगळला नाही. एकोणिसाव्या टेबलाशी इंचराचं स्पेलिंग चुकलं, तेव्हा मात्र तिला जरा बरं वाटलं.