कुंपण नसलेलं फाटक

आधी हसून घ्या. सगळेच हसतात. हसून झालं की जरा कान इकडे द्या, मी फाटक बोलतोय. डावीकडे एक रिसॉर्ट, उजवीकडे दुसरं रिसॉर्ट, आणि मधे झाडाझुडपांचा, वाळूच्या उंचवट्यांचा जो किनारा अजून जसाच्या तसा राहिलाय, त्या राखीव किनाऱ्याच्या तोंडाशी मी उभा आहे. माझ्या दोन्ही अंगांना कुंपण नाही. औषधाला एक तारसुद्धा नाही. उघड्या वाळूत दोन खांब, त्यांच्या मधे मी, आणि मला मुठीएवढं कुलूप.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. खरं सांगायचं तर या किनाऱ्यासाठी मी जन्मलोच नव्हतो. एका बंगलेवाल्यांनी दुकानात येऊन फाटकाचं काम सांगितलं. त्यांना माझ्यावर दोन राजहंस हवे होते, समोरासमोर, ऐटबाज मानेचे. वेल्डर काका मन लावून काम करणारा माणूस, पण पत्रा कापताना हंसांच्या माना जरा आखूड राहिल्या. बंगलेवाले आले, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ही तर बदकं आहेत."

"रंग दिला की हंस वाटतील," काका म्हणाले.

रंग दिल्यावर ती पांढरी बदकं वाटली. बंगलेवाले पुन्हा त्या दुकानाकडे फिरकले नाहीत.

मग बरेच दिवस मी दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. काकांची बायको माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालायची. फाटकाच्या जातीला याहून मोठा अपमान नाही. ज्याने माणसं अडवायची, त्याने टॉवेल सांभाळायचे!

पण प्रत्येकाचे दिवस येतात. दोन्हीकडे रिसॉर्टं उठायला लागली तेव्हा मधला हा तुकडा सरकारने राखीव केला आणि त्याच्यावर रखवालदार म्हणून नेमलं ते काकांच्या याच बायकोला. सगळे त्यांना काकू म्हणतात, मीही म्हणतो. कुंपण आलं, खांब आले, पण फाटकाचं घोडं कुठेतरी अडलं. काकूंनी दोन दिवस वाट बघितली आणि सरकारी साहेबांना म्हणाल्या, "आमच्या घरी एक पडून आहे. चालेल का बघा. बदकं आहेत त्याच्यावर." असं नवऱ्याने घडवलेलं फाटक बायकोच्या ताब्यात आलं. घरोघरी शेवटी तेच होतं म्हणा.

आता इथे राखण्यासारखं काय आहे, ते सांगतो. या वाळूत चिमुकले पक्षी अंडी घालतात. घरटं वगैरे काही नाही. वाळूत टाचेने केल्यासारखा एक खळगा आणि त्यात वाळूच्याच रंगाची अंडी. अगदी पायाशी असली तरी दिसत नाहीत. तुम्ही सूर्यास्ताचा फोटो काढायला एक पाऊल मागे गेलात की संपलं. म्हणून काकू सकाळी मला उघडतात, येणाऱ्यांना दोरी लावलेल्या पायवाटेने नेतात, आणि त्या नसतात तेव्हा मी बंद असतो. इतकं साधं काम आहे आमचं.

आणि मग ते वादळ आलं. कुंपणच शेत खातं असं लोक म्हणतात. आमचं कुंपण मात्र समुद्राने खाल्लं. खांब, तारा, पाट्या, सगळं एका झपाट्यात गेलं. मी तेवढा राहिलो, कारण काकांनी माझे खांब रोवताना सिमेंट जरा जास्तच ओतलं होतं. मान आखूड आणि पाय पक्के, असा माझा हिशेब.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आल्या. काकाही मागून आले होते, काय उरलंय ते बघायला. काकूंनी सगळीकडे एकदा नजर फिरवली. पदराने डोळे पुसले. मग कमरेची किल्ली काढून माझं कुलूप उघडलं, आत गेल्या, वळल्या आणि मला आतून कडी घातली.

काका बाहेरच उभे. "अगं, कुंपण नाही राहिलं. कडी कशाला घालतेस?"

"छप्पर गळतं म्हणून घराच्या दाराला कडी घालायची सोडता का तुम्ही?"

दोन पावलं बाजूने चालून आत यायचं, तर काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बरं, उघड आता." त्या क्षणी मला कळलं की आपलं अजून काही बिघडलेलं नाही.

तेव्हापासून माणूस नावाच्या प्राण्याचा मी जो अभ्यास केलाय, त्याला तोड नाही. एक धिप्पाड गृहस्थ येतात, कुलूप बघतात, डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात, दोन्हीकडे नुसतं मोकळं आकाश. तरी "बंद आहे वाटतं" असं म्हणून परत जातात. एकदा एक आजोबा बाजूने आत शिरले, तर आजी माझ्यासमोरून ओरडल्या, "अहो, समोर दार दिसतंय ना? चोरासारखे काय घुसताय?" आजोबा मुकाट्याने बाहेर गेले, वळसा घालून माझ्यापाशी आले आणि आजींच्या मागे रांगेत उभे राहिले. रांगेत त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं.

फोटो काढून हसणारेही पुष्कळ. "हे बघा, कुंपण नाही आणि फाटक!" असं म्हणत पोट धरून हसतात आणि हसता हसता मला कडी घालून जातात. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला फार लाज वाटायची. पाहुण्यांसमोर पायजम्याशिवाय नुसता कोट घालून उभं राहावं, तसं वाटायचं.

या सगळ्यात एकच माणूस मनापासून हसायचा नाही. डावीकडच्या रिसॉर्टचा मॅनेजर. गोड बोलणारा, इस्त्रीच्या कपड्यातला, वाईट म्हणवत नाही असा माणूस. त्याचा किनारा अपुरा पडत होता आणि आमचा रिकामा दिसत होता. त्याच्या आरामखुर्च्या रोज हातभर आमच्या बाजूला सरकायच्या. काकू त्या रोज ओढून परत नेऊन ठेवायच्या.

"वाऱ्याने सरकतात हो, काकू."

"हो का? आणि छत्र्या वाराच रोवतो वाटतं? चांगला कामसू वारा ठेवलाय तुम्ही."

शेवटी मॅनेजरने वरच्या ऑफिसात अर्ज केला. जिथे कुंपण नाही तिथे हद्द नाही, राखीव किनारा आता नावापुरता उरलाय, तो पाहुण्यांना मोकळा करावा आणि मधलं ते हास्यास्पद फाटक काढून टाकावं, असा एकूण मजकूर. तपासणीला एक अधिकारी मॅडम येणार असं ठरलं. त्यांनी हो म्हटलं की खुर्च्या थेट पाण्यापर्यंत, पक्ष्यांना रामराम, काकूंना घरी आणि मला भंगारात.

त्या संध्याकाळी काकू ओलं फडकं घेऊन आल्या आणि माझ्या बदकांवरचा मिठाचा थर पुसत बसल्या. "बघू या रे," एवढंच म्हणाल्या. लोखंडाला कसली भीती, असं तुम्ही म्हणाल. मला भीती वाटली. टॉवेलांची भीती नव्हती, काकूंशिवाय राहायची होती.

मॅनेजर हुशार. त्याने मॅडमना नेमकं भर दुपारी बोलावलं. काकू तेव्हा जेवायला घरी जातात हे त्याला माहीत होतं. रखवालदार जागेवर नाही, कुंपण नाही, सगळं बेवारस, असं चित्र आयतंच दिसणार होतं.

दोघं आले. मॅडम पन्नाशीच्या, डोक्यावर टोपी, काखेत फाईल. मॅनेजर वाटभर बोलत होता. "तुम्हीच बघा मॅडम, इथे हद्द म्हणून काही उरलंच नाही. कोणीही यावं, कोणीही जावं. हे फाटक म्हणजे नुसता विनोद आहे."

बोलत बोलत तो माझ्यापाशी आला, मला ढकललं, आणि थांबला. "अरेच्चा, कुलूप आहे," म्हणाला.

मग त्याने खिशातून फोन काढला. "हॅलो, काकू? अहो, या ना लवकर. मॅडम उन्हात उभ्या आहेत. फाटक बंद आहे."

फोनमधून काकूंचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. "पानावर बसलेय. जेवून येते."

"जेवून येतायत," मॅनेजर मॅडमना म्हणाला आणि रुमालाने मान पुसत उभा राहिला. मॅडम फाईलने वारा घेऊ लागल्या. तेवढ्यात त्याच्याच रिसॉर्टमधली पाहुणे मंडळी फिरत फिरत आली आणि मॅनेजरच्या मागे उभी राहिली. कोणी काही विचारलं नाही. ऊन रणरणत होतं. अंगावर मीठ उडत होतं. आणि माझ्यासमोर अख्खा समुद्रकिनारा दोन्ही हात पसरून मोकळा पडलेला असताना ही सगळी शहाणीसुरती माणसं एका कुलपासमोर रांग लावून उभी होती.

मॅडमचा फाईलचा हात मधेच थांबला. त्यांनी माझ्या डाव्या खांबापलीकडे बघितलं. मग उजव्या. मग रांगेकडे. मग स्वतःच्या पायांकडे, कारण त्याही त्याच रांगेत होत्या.

"साहेब, आपण कशासाठी थांबलोय?"

"किल्ली यायचीय ना मॅडम."

"हद्द उरलेली नाही म्हणालात ना?"

मॅनेजरने तोंड उघडलं. बाजूला बघितलं. मोकळी वाळू बघून तो असा दचकला, जसं काही ती कोणी आत्ताच आणून टाकली होती. "म्हणजे... ते... असं बाजूने शिरायचं बरं दिसत नाही हो."

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मॅडम हसल्या, पण आवाज न करता, आणि फाईल पुन्हा काखेत मारली. "अर्ज करणारेच हद्द पाळतायत म्हटल्यावर मी काय लिहू? राखीव आहे तसंच राहील. खुर्च्या तेवढ्या मागे घ्या, आल्या आल्या बघितल्यात मी."

मग काकू आल्या, ओले हात पुसत. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. "जेवताना फोन करतात का कोणी?" असं म्हणत त्यांनी कुलूप काढलं. एकेकजण माझ्यातून आत गेला. मॅडम जाताना माझ्या बदकांवर हात ठेवून म्हणाल्या, "हंस छान आहेत." माझ्या आयुष्यात असं म्हणणारी ती एकच बाई. सगळ्यात शेवटी मॅनेजर आला. आत येऊन वळला आणि त्याने स्वतःच्या हाताने मला कडी घातली. मी त्याला तिथल्या तिथे माफ केलं.

नवीन कुंपण मंजूर झालंय असं ऐकतो. सरकारी काम आहे, मंजूर झालंय म्हणजे अजून यायचंय. मी मात्र आता थकलोय. बिजागऱ्या कुरकुरतात, खालची पट्टी गंजून पापुद्रे सुटलेत, भरतीचं पाणी वर्षागणिक जवळ येतंय. समुद्र काही किल्लीसाठी थांबणारा नाही. कुंपणाच्या वाटेने एक दिवस मीही जाणार.

त्याचं दुःख नाही. मी कोणाला कधी अडवलंच नाही, अडवण्यासारखं माझ्यात काही नव्हतंच. तुम्हीच थांबत होतात. त्या थांबण्यावर इथली पिल्लं अंड्यातून बाहेर आली आणि उडायला शिकली. मी गेल्यावरही इथवर आलात की तसेच थांबा, हात जोडून एवढंच मागणं आहे. मला हात नाहीत, पण बदकांच्या चोचीही चालतील.

असो. उन्हं कलली. काकू किल्ली घेऊन येतायत. जरा मागे सरा बघू सगळे, मी बाहेरच्या बाजूला उघडतो.