जोडीतला इकडचा

इकडे

गोठवणाऱ्या पेटीत तांदळाच्या दाण्याएवढा स्फटिक. त्याच्याशी अदृश्यपणे जोडलेला जोडीदार धाकट्याकडे, जहाजावरच्या पेटीत. धाकटा माझा भाऊ. भर समुद्रातून तो त्याच्याकडच्या स्फटिकावर मोजणी करणार, तिचं उत्तर साध्या रेडिओवरून मला कळवणार, मग त्याने पाठवलेलं इकडच्या स्फटिकात उतरणार. रेडिओचा निरोप नसेल तर इथे नुसता गोंधळ. असा प्रयोग होता.

रविवारपासून जहाजाचा पत्ता नाही.

तिकडे

……

इकडे

प्रयोगशाळेचे साहेब दारातूनच म्हणाले, "जोडी आज संध्याकाळपर्यंतच टिकेल. तशीही जाणारच. पेटी मोकळी करा."

मोकळी करणं म्हणजे आतला स्फटिक यंत्राने एकदा वाचणं. वाचलं की जोडी तुटते.

"संध्याकाळ व्हायचीय अजून," मी म्हटलं.

ते गेले.

फोन. बाबा.

"ताई, बघितलंस का?"

"काय, बाबा?"

"तुझ्याकडचा तुकडा. त्याच्याशी जोडलेला आहे ना?"

धाकट्यानेच सांगितलं होतं. निघताना आईचे डोळे थांबेनात, तर म्हणाला, अगं, माझं शेपूट ताईच्या डब्यात आहे, जातो कुठे.

"त्यातून बातमी येत नाही, बाबा."

"मग एवढी वर्षं करतेस काय तिथे?"

मी पेटीवरचं तापमान पाहिलं.

"आई जेवत नाहीये. तू नुसतं बघ."

"बघितलं की तुटेल."

"आणि नाही बघितलं तर?"

"संध्याकाळी आपोआप."

"मग बघ की गं."

त्यांना थांबायला सांगून रेडिओच्या खोलीत गेले. तिथल्या माणसाने माझ्याकडे न बघताच नकारार्थी मान हलवली.

तिकडे

पाणी. खात्रीने एवढंच.

इकडे

पेटीपाशी परतले, फोन कानाशी धरूनच वाचायचं बटण दाबलं. यंत्रावर दोन दिवे असतात.

"काय झालं?"

"डावा दिवा लागला."

"डावा म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. दोनांतला एक लागतोच. तो असला तरी, नसला तरी."

'नसला' हे आमच्या घरात आजवर कुणी म्हटलं नव्हतं.



"पण लागला ना?"

"हो. लागला."

त्यांनी फोन बाजूला केला असावा. आवाज लांबून आला. "अगं ए, ऊठ. दिवा लागला म्हणतेय. दोन घास खाऊन घे."

मी तोंड उघडलं. पलीकडे ताट ठेवल्याचा आवाज आला, आणि मी ते मिटलं.